रात्री दहानंतरचा तानपुरा

हेडफोन घ्यायचा म्हटलं की सल्ला देणारा आधी बजेट विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: तुम्ही ऐकायला बसता तेव्हा घरात कोण झोपलेलं असतं? आमच्याकडे बाहेरच्या खोलीत आई झोपते आणि आतल्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसते. शेजारची भिंत तर अशी, की त्यांच्या मालिकांची शीर्षकगीतं आम्हाला शब्दांसकट पाठ आहेत. डोंबिवलीतल्या अशा घरात गाणं ऐकायची वेळ रात्री दहानंतरची, आणि साधन एकच. कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन. दुकानात त्याला क्लोज्ड-बॅक म्हणतात.

शौकीन मंडळींच्या जगात मात्र या प्रकाराला जरा खालच्या पाटावर बसवतात. मान असतो तो ओपन-बॅकला, म्हणजे मागून जाळीदार असलेल्या हेडफोनला. १९६८ साली सेन्हायझरने एचडी ४१४ काढला, पिवळ्याधमक स्पंजच्या गाद्यांचा, आणि तेव्हापासून हे कौतुक चालू आहे. ते खोटं नाही. ओपन-बॅकमधून गाणं डोक्यात कोंडत नाही, आजूबाजूला पसरतं. पण तुम्ही जे ऐकता त्याचा चिरका अवशेष शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतो, आणि कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, खालच्या मजल्यावरचं भांडण हे सगळं बिनदिक्कत आत येतं. मोकळ्या आवाजासाठी आधी मोकळी खोली लागते. ती असेल त्याने खुशाल ओपन-बॅक घ्यावा.

तसा जुना मान बंद हेडफोनचाच. युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविनने १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात जोडलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने घेतले, ते बिनतारी संदेश नीट ऐकू यावेत म्हणून. गाणं फार उशिरा आलं. मिलवॉकीच्या जॉन कॉसने १९५८ मध्ये स्टिरिओ हेडफोन मांडला तो एका सुटसुटीत ग्रामोफोनच्या जोडीला, एकट्याने ऐकता यावं म्हणून. लोकांनी ग्रामोफोनकडे पाठ फिरवली आणि हेडफोन उचलला. दुसऱ्याला त्रास न देता ऐकणं ही गरज आमच्या गल्लीपुरती नव्हती, एवढं त्यावरून कळतं.

आता बंद कपाची अडचण. आतला पडदा हवा जितकी पुढे, कानाकडे ढकलतो, तितकीच मागेही. ओपन-बॅकमध्ये मागची लाट जाळीतून निघून जाते. बंद कपात ती भिंतीवर आपटून परत येते आणि पुढच्या आवाजात मिसळते. मिरजेला तानपुऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर तो कसा घुमेल हे बघतो. हेडफोनचा कप हाही एक छोटा पोकळ भोपळाच, फक्त याच्याकडून अपेक्षा उलटी: याने घुमायचं नाही. घुमला, तर गायकाच्या आवाजाला डब्याचा वास लागतो. म्हणून आत फोम, कापूस, कधी नमद्याचा तुकडा घालून ती मागची लाट जिरवावी लागते. स्वस्त हेडफोनमध्ये कंजुषी होते ती इथे, आणि ती बाहेरून दिसत नाही.

दुसरी गोष्ट दिसते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही: गादी कानाभोवती कशी बसते. बंद हेडफोनचा खालचा सूर त्या गादीने कोंडून धरलेल्या हवेवर उभा असतो. फट पडली की तो गळून जातो. चष्मेवाल्यांनी हा प्रयोग जरूर करावा. हेडफोन घालून तबला लावा आणि चष्म्याची काडी दोन बोटांनी गादीखालून किंचित उचला, बाया पातळ होतो. काडी काढून टाका, बाया परत येतो. दोन्ही कप तळव्यांनी अलगद दाबा, तो आणखी भरतो. एकच हेडफोन, एकच ध्वनिमुद्रण, आणि मध्ये एका काडीचा फरक. लोक ज्या हेडफोनला ‘बास नाही’ म्हणून नावं ठेवतात, त्यातल्या कित्येकांचा दोष एवढाच असतो की तो त्यांच्या डोक्यावर नीट बसत नाही. जाड काडीचा चष्मा, मोठे कान, दाट केस, कानातल्या कुड्या, सगळ्यांचा हिशेब इथे होतो. म्हणून ‘अमक्याने घेतला, उत्तम आहे’ या शिफारशीला मी अर्धेच मार्क देतो. अमक्याचं डोकं माझ्या मानेवर नाही.

माझी स्वतःची कसोटी ठरलेली आहे: पुरुष गायकाचा, काळी एकचा तानपुरा. नुसता तानपुरा, गाणं नंतर. जोडीच्या तारा षड्जाला, म्हणजे साधारण १३९ हर्ट्झला मिळवलेल्या आणि शेवटची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ६९ हर्ट्झ बाहेर येणं अवघडच. तरीही खर्ज वाजला हे आपल्याला कळतं, कारण त्या तारेतून निघणारे वरचे सूर, १३९, २०८, २७७, कानावर पडतात आणि त्यांच्या अंतरांवरून खालचा सूर मेंदू स्वतःच जुळवतो. बरा हेडफोन असला की ही जुळवाजुळव करावी लागत नाही. तारेवर बोट घसरल्याची खसफस आधी येते, मग खर्ज, मग घोडीवरच्या जवारीच्या दोऱ्याने एकेक वरचा सूर उलगडत जातो आणि त्यात पाचवा, ३४६ हर्ट्झच्या आसपासचा, स्वयंभू गंधार. कुणी न छेडलेला. तानपुरा चांगला मिळवला असेल तर तो मैफलीत पहिल्या रांगेत ऐकू येतो. हेडफोनमध्ये तो खर्जापासून सुटा ऐकू आला, की माझं निम्मं काम झालं.

याच तानपुऱ्यावर बाजारातले बहुसंख्य ‘दणदणीत बास’वाले हेडफोन आपटतात. बास वाढवण्याला माझी हरकत नाही, कुठे वाढवला याला आहे. उठाव साधारण १०० हर्ट्झच्या खाली ठेवला, तर बाया भरदार होतो आणि गळा मोकळा राहतो. स्वस्तात मात्र हा फुगवटा वर २०० पर्यंत पसरू देतात, कारण दुकानात दोन मिनिटांत गिऱ्हाइकाला तोच जाणवतो. आणि १३९ वर तर आपल्या गायकाचा षड्ज बसलेला. तो त्या फुगवट्यात सापडला, की मंद्रातली प्रत्येक जागा गुबगुबीत होते, मींड कुठून कुठे गेली हे धूसर होतं आणि बायाची घुमक गळ्यावर चढून बसते. नाचायच्या गाण्यांना हे चालतं, क्वचित शोभतंही. विलंबित ख्यालाला नाही.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात ही कसोटी लावून पाहत होतो. काउंटरवरच्या पोराने हेडफोन दिला होता, मी माझ्या फोनवर तानपुरा लावला आणि उभा राहिलो. पोरगा माझ्याकडे बघतोय, मी समोरच्या वायरींच्या भेंडोळ्यांकडे. शेवटी त्याने खूण करून एक कप कानावरून सरकवायला लावला.

“काका, नेट स्लो आहे का? गाणं चालूच होत नाहीये.”

“हेच ऐकतोय.”

“हे?” त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, जरा वेळ ऐकलं आणि मान डोलावली. “ठीक आहे. पण यात बास कसा कळणार? थांबा, मी दुसरं लावतो.”

त्याने लावलं. बास कळला. शेजारच्या दुकानदारालाही कळला असावा.

पैशांविषयी बोलतो, कारण ‘परवडणारा’ या शब्दामागे एक खंत दडलेली असते: खरा आवाज वरच्या किमतीत असेल आणि आपण त्याच्या सावलीवर समाधान मानतोय. ही खंत बरीचशी निराधार आहे. जेरून ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली, कोणत्या कंप्रतेला किती आवाज निघतो याची. त्या आलेखांचा आणि विक्रीच्या किमतीचा काही संबंधच सापडला नाही. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी त्याआधीपासून दुसऱ्या बाजूने काम चालवलं होतं. ऐकणाऱ्याला हेडफोनचं नाव, किंमत, रूप काही कळू द्यायचं नाही आणि मग पसंती विचारायची. बहुतेकांची पसंती एकाच वळणाच्या आवाजाकडे झुकली: चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरच्या जवळ जाणारा, खालच्या सुरांना थोडा उठाव असलेला. आणि तो उठावही मी म्हणतो तसा, साधारण १०० च्या खालचाच. हे वाचलं तेव्हा काळी एकच्या वतीने मला फार बरं वाटलं.

मग जास्तीचे पैसे कशाला जातात? धातूच्या कमानीला, मऊ गाद्यांना, सुटे भाग मिळण्याला, वायर काढता-घालता येण्याला, पेटीला, आणि अर्थातच नावाला. यातल्या सुट्या भागांना मी सर्वांत जास्त भाव देतो. आमच्या हवेत गादीवरच्या नकली चामड्याचे काळे पापुद्रे सुटतात. घामाने सुरुवात होते, पावसाळा ते काम पुरं करतो. मग शर्टाच्या कॉलरवर, उशीच्या अभ्र्यावर, एकदा तर मुलीच्या वहीवरही ते बारीक काळे तुकडे सापडले आणि घरात मुंग्या झाल्याची हाकाटी झाली. गादी बदलून मिळत नसेल तर तो हेडफोन कितीही गोड वाजो, दोन-तीन पावसाळ्यांचा सोबती आहे. आणि बदलताना भलतीच जाड किंवा मखमली गादी बसवली की आवाजही बदलतो, कारण ती कोंडलेली हवा बदलते.

नावं घ्यायची तर माझ्या यादीत फार नव्हती. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जसाच्या तसा विकला जाणारा हेडफोन. गुंडाळी वायरचा, घडी होणारा, जगभरच्या स्टुडिओंत लोळणारा. हलका आहे आणि फोनवर सहज वाजतो. वरचे सूर मात्र टोकदार. ध्वनिमुद्रणातली चूक शोधायला ते उपयोगी, पण जुन्या रेकॉर्डचा खरखराटही तो हात धरून पुढे आणतो, आणि हार्मोनियमवर तास काढायचा तर मला ते जास्त होतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेत एम५०एक्सचं नाव सर्वतोमुखी. मला त्याच्यापेक्षा एम४०एक्स सरळ वाटतो, आणि हात आखडता असेल तर एम२०एक्स. त्याची वायर काढता येत नाही एवढं लक्षात ठेवावं, बाकी त्या पैशात तक्रारीला जागा कमी. एकेजीचा के३७१ हा वर सांगितलेल्या हरमनच्या आलेखाला बराच धरून बनवलेला. कागदावर तोच पहिला यायला हवा. पण त्याचं सगळं गादी नीट बसण्यावर, आणि माझ्या चष्म्याच्या काडीशी त्याचं जमलं नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो माझ्या ऐपतीच्या कुंपणाबाहेर होता, तरी त्याची मखमली गादी एप्रिल-मे महिन्यात फार आठवते. तो घेणाऱ्याने ओहम बघून घ्यावा. ३२, ८० आणि २५० अशा तीन प्रकारांत तो येत आला आहे, आणि २५० ओहमचा फोनला लावला तर आवाज पूर्ण वर करूनही गाणं दूरच राहतं. त्याला ॲम्प्लिफायर हवा, म्हणजे पुन्हा खर्च.

मी एम४०एक्स घेतला. ब्लूटूथचा घेतला नाही. ज्या पैशात बॅटरी, चिप, माइक आणि गोंगाट मारण्याची यंत्रणा सगळं बसवायचं, त्यात पडदा आणि गादीच्या वाट्याला किती येणार, हा साधा हिशेब. वायरवाल्याची बॅटरी उतरत नाही. नव्या फोनला हेडफोनचं भोक नसतं हा अन्याय आहे, पण यूएसबी-सीचा बोटभर कनेक्टर त्यावर पुरतो, आणि तो महाग नसतो. मुलगी गाणं शिकते, तिला तर वायरशिवाय गत्यंतर नाही. फोनवरचा तानपुरा-तबला ब्लूटूथने क्षणभर उशिरा पोचतो आणि समेवर आलेला माणूस समेनंतर पोचल्यासारखा होतो. तिचीही एक गंमत आहे. बंद हेडफोन घालून गायला लागलं की स्वतःचा आवाज हाडांतून येऊन कोंडलेल्या कानात घुमतो, आणि सूर लागला की नाही याचा भरवसा वाटेनासा होतो. स्टुडिओतले गायक एक कप कानामागे सरकवून गातात ते यासाठी. तिला हे कुणी शिकवलं नाही, पहिल्याच दिवशी तिने आपसूक तसं केलं.

बंद हेडफोन सगळा गोंगाट अडवतो हा मात्र गैरसमज. तो वरचे आवाज अडवतो: कुकरची शिट्टी, बोलणं, भांड्यांचा खणखणाट. खालचे आवाज, म्हणजे इमारतीच्या पाण्याच्या पंपाची घूं किंवा लोकलच्या चाकांची धडधड, त्याच्या गादीला जुमानत नाहीत. लोकलमध्ये तो घालून मग आवाज वर-वर नेत जाणं हा कान घालवायचा राजमार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील, ९० ला फक्त ४. दहाच डेसिबल चढले आणि तास दहापट घटले. घरी, रात्री, पंप बंद झाल्यावर मला आवाज निम्म्याच्याही खाली ठेवून पुरतो. रूळ ओलांडताना तो कानावर असणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको.

रात्रीच्या त्या खालच्या आवाजात काय काय वर येतं! कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालेलं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण स्पीकरवर ती माहितीच राहते. हेडफोनमध्ये तान सुटण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि तो आखूड असतो. तबलजीची अंगठी, मागच्या तानपुऱ्यावरच्या शिष्याचं क्षणभर लय सोडून पुन्हा पकडणं, कुणीतरी पुटपुटलेलं “अहाहा”. जुनी मुद्रणं मोनो असतात, त्यामुळे हे सगळं डाव्या-उजव्या बाजूंना न पसरता दोन भुवयांच्या मधोमध गोळा होतं. काहींना त्याने डोकं जड होतं. मला ती जवळीक आवडते, अडचण फक्त दाद देण्याची. हेडफोनमधल्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. आपण मनात म्हटलेलं “क्या बात है” घरभर घुमतं आणि आतून मुलगी ओरडते, “बाबा, उद्या पेपर आहे!”

एकदा आईलाच ऐकवायचं ठरवलं. तिने तरुणपणी गावातल्या देवळाच्या ओट्यावर रात्र-रात्र बसून गाणी ऐकलेली. आधी अंबाड्यावर कमान बसेना, मग कुड्या टोचायला लागल्या. त्या काढून पदराच्या टोकात बांधल्या, कमान अंबाड्याच्या पुढे आणली. मी मंद्रातला एक विलंबित लावला. तिने बराच वेळ ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडे स्वयंभू गंधाराची वाट बघत बसलेलो. मग तिने दोन्ही हातांनी हेडफोन उतरवला.

“गातोय छान रे. पण हा एवढा कानाशी येऊन का गातोय? गवई समोर बसलेला बरा. मधे चार माणसं हवीत.”

तेव्हापासून दुपारचे दोन तास स्पीकर तिचा. शेजाऱ्यांची मालिका तेव्हा बंद असते, कुकर उतरलेला असतो, मुलगी क्लासला. खर्जाची तार त्या स्पीकरवर येत नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. तिला ती ऐकू येते म्हणाली.